पुस्तक रिकामं परत देऊ नये

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, पेपर तपासून झाल्यावर, चेतना मॅडमनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या सात पुस्तकं वाचणार आहेत. तेवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चेतना मॅडम गणित शिकवायच्या, आणि गणिताच्या माणसाला विधान केलं की ते सिद्ध केल्याशिवाय चहा गोड लागत नाही. त्यांनी पर्समधून चौकटी आखलेला कागद काढला. सात पुस्तकांची नावं, प्रत्येकाच्या अनुक्रमणिकेवरून काढलेली पानं, एकूण दोन हजार तीनशे दहा. सुट्टीचे दिवस बेचाळीस. म्हणजे रोज पंचावन्न पानं. पाण्याच्या दिवशी वाचन बंद, कारण सोलापुरात पाणी येतं त्या दिवशी माणसाने दुसरं काही करायचं नसतं. ती पानं दुसऱ्या दिवशी भरून काढायची.

अशी यादी त्या गेली नऊ वर्षं करत होत्या. दर मे महिन्यात यादी पूर्ण व्हायची आणि वाचन तेवढं राहून जायचं. हे चित्रकलेच्या अभिमन्यू सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कागद हातात घेतला, चित्र बघावं तसा जरा लांब धरला आणि म्हणाले, "छान आहे. मागच्या वर्षीचीच आहे ना ही?"

सगळा स्टाफ हसला. मॅडमच्या कानाच्या पाळ्या तापल्या, कारण सरांचं म्हणणं खरं होतं. यादी मागच्याच वर्षीची होती, फक्त तारखा नव्या होत्या. पण आपण वाचणारी बाई आहोत हे मॅडमनी स्वतःबद्दल इतकी वर्षं मनोमन धरलेलं होतं, आणि कुणी त्यालाच बोट लावलं की त्यांना खरंच लागायचं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की शाळा सुरू होईल त्या दिवशी अख्ख्या शाळेसमोर त्या सातही पुस्तकांवर बोलतील, हातात कागद न घेता.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका शकुंतलाबाई, कोपऱ्यात हजेरीपटावर सह्या करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण संध्याकाळच्या आत सूचनाफलकावर लागलं: 'शाळेचा पहिला दिवस. चेतना मॅडम बोलतील. विषय: मी सुट्टीत वाचलेली सात पुस्तके.' खाली शाळेचा शिक्कासुद्धा होता. आता माघार घ्यायची तर बदली मागण्यावाचून मार्ग नव्हता.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी मॅडमचे यजमान सुबोधराव ऑफिसला गेले. मॅडमनी जुळे सोलापूर वस्तीतल्या आपल्या फ्लॅटचे पडदे ओढले, कुलरमध्ये पाणी भरलं, सातही पुस्तकं टीपॉयवर क्रमाने रचली आणि पहिलं उघडलं. बाहेर ऊन रणरणत होतं. अकराव्या पानावर दाराची बेल वाजली.

दारात समोरच्या फ्लॅटमधल्या गोजरबाई होत्या, हातात विरजणासाठी वाटी घेऊन. गोजरबाई मूळच्या करकंब गावच्या. मुलगा नोकरीला इथे, म्हणून वर्षापूर्वी त्या इकडे आल्या. शिक्षण जुन्या काळातलं सातवी, पण वाचनाची भूक अशी, की किराणामालाची पुडी सोडली तर आधी कागद वाचायच्या आणि मग साखर डब्यात ओतायच्या. त्यांची नजर टीपॉयवर गेली आणि तिथेच बसली.

"एक द्या की मला वाचायला," त्या म्हणाल्या. "हितं दुपार काय सरत न्हाय बगा."

मॅडमनी मनात आकडेमोड केली. यादीत चौथं होतं 'वेशीबाहेरची नऊ घरं'. सगळ्यांत जाड कादंबरी, पाचशे बारा पानांची. नऊ वर्षांपूर्वी पुस्तक प्रदर्शनात घेतलेली आणि तेव्हापासून प्रत्येक यादीत मानाने बसलेली. तिचा नंबर वीस मेनंतर येणार होता. तोवर गोजरबाई निवांत वाचतील. शिवाय शेजारणीला एवढं जाड पुस्तक काढून देण्यात एक रुबाब होता. मॅडमनी ते दिलं.

पाचव्या दिवशी गोजरबाई पुस्तक घेऊन हजर. वाचून झालं होतं. आणि त्या पुस्तकावर आणखी एक पुस्तक होतं, मुखपृष्ठ गेलेलं, दोऱ्याने बांधलेलं: 'एका शेळीचे बारा महिने'.

"हे काय, मावशी?"

"रिकामं कसं द्यायचं?" गोजरबाई म्हणाल्या. "वाटी आसू दे न्हायतर पुस्तक, शेजारचं आलं की त्यात कायतरी घालूनच परत द्यायचं आस्तंय. वाचा आन् सांगा मला."

मग त्या पंख्याखाली बसल्या आणि त्यांनी 'वेशीबाहेरची नऊ घरं' सुरुवातीपासून सांगायला घेतली. दोन दुपारी सांगत होत्या. त्यातल्या चंद्रभागेचा नवरा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला, ती एकटी नऊ घरांचं पाणी भरते, सासरा आंधळा, दीर लबाड. गोजरबाई दिराचं बोलायच्या तेव्हा आवाज बदलायच्या आणि चंद्रभागा रडली की स्वतः पदर डोळ्याला लावायच्या. मॅडम मांडीवरच्या पहिल्या पुस्तकात अकराव्या पानावर बोट ठेवून ऐकत राहिल्या. शेवट तर असा रंगला, की सुबोधराव ऑफिसातून आले ते बूट न काढताच दारात उभे राहून ऐकू लागले. आता एवढी गोष्ट कळलीच आहे, तर ते पुस्तक नंतर भरभर वाचून होईल, असा मॅडमनी निष्कर्ष काढला. पण यादीवर खूण मात्र केली नाही. त्या बाबतीत त्या प्रामाणिक होत्या.

शेळीचं पुस्तक वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कारण गोजरबाई रोज सकाळी कचऱ्याची बादली बाहेर ठेवताना जिन्यातून विचारायच्या, "शेळी व्याली का वो?" आणि न वाचता उत्तर देणं शक्य नव्हतं. शेळी एकशे बाराव्या पानावर व्याली. मॅडमनी पुस्तक संपवलं आणि परत द्यायला निघाल्या. दारातच त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याही हातात नुसतं तेच पुस्तक आहे. आता शेजारीण रीत पाळते आणि शाळेतली बाई रिकामं परत देते, हे कसं दिसेल? त्या मागे वळल्या, यादीतलं दुसरं पुस्तक घेतलं आणि शेळीवर ठेवून दिलं.

इथून गाडी उताराला लागली. गोजरबाईंनी ही रीत संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर सांगितली आणि ती बिल्डिंगला एकदम पटली. दुसऱ्या मजल्यावरचे रावजीकाका आले. त्यांनी केमच्या रेल्वे स्टेशनवर तीस वर्षं नोकरी केलेली, आणि योगायोग असा की अभिमन्यू सर त्यांचे जावई. काकांनी 'तिसऱ्या रुळावरची मालगाडी' आणून दिलं आणि 'नऊ घरं' नेलं. तळमजल्यावरची शिवानी, बँकेतली, 'पहाटे चारचे यश' घेऊन आली. त्यात लिहिलं होतं, की जो पहाटे चारला उठतो तो आयुष्यात पुढे जातो. सोलापुरात नळाला पाणीच पहाटे चारला येतं, त्या हिशेबाने अख्खं शहर केव्हाच पुढे जायला हवं होतं, असं मॅडमना वाटून गेलं. तरी त्यांनी ते वाचलं, कारण शिवानी लिफ्टमध्ये विचारायची, कितवं प्रकरण चालू आहे म्हणून.

पुढे गोजरबाईंनी या रीतीत एक दुरुस्ती केली. वाटीभर आलं तर वाटीभरच जावं, चमचाभर पाठवणं बरं दिसत नाही. म्हणजे जाड पुस्तक आलं तर जाडच गेलं पाहिजे. मॅडमच्या घरात जाड म्हणण्यासारखी पुस्तकं यादीतलीच होती. एकेक करून सातही घराबाहेर पडली, आणि त्यांच्या जागी टीपॉयवर जमलं ते असं: मधमाश्यांचे प्रकार, एका निवृत्त फौजदाराच्या आठवणी, वांग्याच्या चाळीस भाज्या, आणि दोन भागांतली एक ऐतिहासिक कादंबरी, तिचा फक्त दुसरा भाग.

रावजीकाकांनी रेल्वेच्या सवयीने आणखी एक सोय केली. स्टीलच्या भांड्यावर नाव घालतात, तसं वाचणाऱ्याने पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत आपलं नाव आणि तारीख लिहायची. म्हणजे कोणतं पुस्तक कुठून कुठे गेलं ते कळतं. स्वतः काकांनी तारखेबरोबर वाचून संपल्याची वेळही लिहिली, मिनिटासकट. 'नऊ घरं' वाचून झाल्यावर ते मॅडमना जिन्यात भेटले आणि म्हणाले, "मॅडम, गाडी आउटर सिग्नललाच उभी राहिली की हो, स्टेशनात आलीच नाही." मॅडमनी ती न वाचल्यामुळे गंभीरपणे मान हलवली. काका पुढे म्हणाले, की त्यांची मुलगी माहेरपणाला आली होती, ती ते पुस्तक आपल्या घरी घेऊन गेली. मॅडमनी पुन्हा मान हलवली.

मे संपला तेव्हा मॅडमनी अठरा पुस्तकं वाचली होती. त्यांतलं यादीतलं एकही नव्हतं.

एक जूनला त्यांनी कंबर कसली. हातात पिशवी घेऊन त्या दारोदार गेल्या आणि आपली सातही पुस्तकं मागून आणली; 'नऊ घरं'सुद्धा तोवर काकांकडे परत आली होती. लोकांनी ती अगदी प्रेमाने दिली. फक्त रिकामी दिली नाहीत. मॅडम घरी आल्या तेव्हा पिशवीत चौदा पुस्तकं होती, आणि प्रत्येक दारात "वाचून सांगा हं" हे ऐकून आल्या होत्या. सुबोधराव म्हणाले, की सरळ नाही म्हणून टाकायचं. मॅडमनी त्यांना विचारलं, की गेल्या वर्षी गोजरबाईंच्या घरून आंबे आले तेव्हा त्यांचं पातेलं रिकामं परत गेलं होतं का? सुबोधरावांना ते पातेलं चांगलंच आठवत होतं. त्या पातेल्यातून पुरणपोळ्या गेल्या होत्या आणि त्यांना स्वतःला एकच मिळाली होती.

'नऊ घरं' तेवढी पुन्हा गोजरबाईंनी मागून नेली. चंद्रभागेची आठवण येते म्हणाल्या. मॅडमनी ती उघडलीसुद्धा नाही, आली तशी दिली.

सोळा जून उजाडला. मॅडमच्या खात्यावर तेवीस पुस्तकं जमा होती आणि यादीवर सात रिकाम्या चौकटी. रिक्षात बसल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं. भीती अशी नव्हती, वाईटच वाटलं. पण शाळेचं गेट आलं तशी त्यांची मान ताठ झाली. तेवीस म्हणजे सातापेक्षा सोळाने जास्त, हे कोणीही नाकारू शकत नव्हतं.

प्रार्थना झाली. मैदानातल्या कडुलिंबाखाली सहाशे मुलं मांडी घालून बसली होती. मॅडमनी माईक हातात घेतला आणि सरळ शेळीपासून सुरुवात केली. मग मधमाश्या आल्या, फौजदार आले. मुलं हसत होती, मॅडम रंगात आल्या होत्या. तेवढ्यात अभिमन्यू सरांनी पहिल्या रांगेतून हात वर केला.

"मॅडम, तुमच्या यादीत सात नावं आहेत," ते अतिशय नम्रपणे म्हणाले. "त्यांतलं निदान एक तरी सांगा की."

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि 'वेशीबाहेरची नऊ घरं' सांगायला घेतलं. त्यांनी ते गोजरबाईंच्या तोंडून ऐकलं होतं तसंच सांगितलं, दिराच्या आवाजासकट. मागच्या रांगेतली दहावीची मुलंसुद्धा बोलायची थांबली. शेवटी चंद्रभागेच्या दारावर थाप पडते. ती कडी काढते. दारात बारा वर्षांनी नवरा. तो म्हणतो, पाणी दे. चंद्रभागा त्याच्या हातात घागर देते आणि सांगते, आड गावाबाहेर आहे. मी नऊ घरांचं पाणी बारा वर्षं भरलं, तू बारा महिने भर, मग उंबऱ्याच्या आत ये.

ज्या मुलांच्या घरी पाचव्या दिवशी पाणी येतं त्यांना हा शेवट समजावून सांगावा लागला नाही. सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनीही वाजवल्या.

अभिमन्यू सर टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग उभे राहिले. "शेवट असा नाही," ते म्हणाले. "मी ही कादंबरी याच सुट्टीत वाचली आहे. चंद्रभागा कडी काढते, दारात, आणि बस. तिथेच कादंबरी संपते. दारात कोण, ते लेखक सांगतच नाही. शेवट मोकळा सोडला आहे, हीच त्यातली कला. ते कळायला कलेची नजर लागते. बारा महिन्यांचं पाणी वगैरे कादंबरीत नाही."

सहाशे डोकी मॅडमकडे वळली. मॅडमचा विश्वास ढळला नाही. गोजरबाईंनी शेळीच्या बाबतीत एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पुस्तक माझंच आहे. उद्या याच वेळी आणते आणि शेवटचं पान सगळ्यांसमोर वाचून दाखवते. मी चुकले असेन तर सर सांगतील ते ऐकेन." सर म्हणाले, चालेल. मोठ्या बाईंनी उद्याच्या पहिल्या तासाला मैदानावर यायची सूचना काढली.

संध्याकाळी मॅडम चपला न काढताच समोरच्या घरात गेल्या. गोजरबाई शेंगा निवडत होत्या. मॅडमनी फळीवरून पुस्तक काढलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याचं शेवटचं पान उघडलं. पान चारशे चौसष्ट. तळाची ओळ होती: 'चंद्रभागेनं थरथरत्या हातानं कडी काढली. दारात'. पुढे पुठ्ठा.

पूर्णविरामही नव्हता. मॅडमनी अनुक्रमणिका उघडली. तिथे बत्तीस प्रकरणं होती. पुस्तक एकोणतिसाव्यात संपत होतं. शिवणीच्या जागी दोरे लोंबत होते. अठ्ठेचाळीस पानं बांधणीतच राहून गेली होती, आणि नऊ वर्षं ते पुस्तक त्यांच्या कपाटात तसंच उभं होतं.

"मावशी, याला शेवट नाहीच," मॅडम म्हणाल्या.

"न्हायच की," गोजरबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही सांगितलात तो कुठला?"

गोजरबाईंनी शेंगांतून मान वर केली. "माजा. म्या म्हणलं, तुमचंच पुस्तक हाय, तुमाला ठावं असंल त्यातली पानं गेल्याली. घरचं पातेलं गळतंय हे काय शेजारनीनं सांगायचं आस्तंय व्हय? आन् एवढी मोठी गोष्ट तुमाला अर्ध्यावर सोडून द्यायची तर त्येबी बरं दिसत न्हाय. मग घातलं त्यात कायतरी."

मॅडम पलंगाच्या कडेवर बसल्या. गोजरबाईंवर रागवायला जागाच नव्हती. या बाईने चार दिवसांत पुस्तक वाचलं, त्यातली तूट ओळखली, शेजारणीचं झाकून घेतलं आणि वर भर घालून परत दिलं. आणि मालकिणीने नऊ वर्षांत मागचा पुठ्ठाही उघडून बघितला नव्हता. मॅडमना स्वतःचीच लाज वाटली.

मग त्यांची नजर पुठ्ठ्याच्या आतल्या नावांवर गेली. पहिलं गोजरबाईंचं. दुसरं रावजीकाकांचं, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. तिसरं त्यांच्या मुलीचं. चौथं, सुंदर तिरप्या अक्षरात, खाली एक छोटं फूल काढलेलं: अभिमन्यू, पंचवीस मे.

दुसऱ्या दिवशी मैदानावर एकही मूल गैरहजर नव्हतं. शिपाई बिरुदेव घंटेचा हातोडा हातात घेऊनच ऐकायला उभा राहिला होता. मॅडमनी माईक घेतला. रात्री ठरवलेलं भाषण त्यांना आठवलं नाही, तेव्हा त्या सरळच बोलल्या.

"हे पुस्तक मी वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "यादीतलं एकही वाचलेलं नाही. काल सांगितलेली गोष्ट आमच्या शेजारच्या गोजरबाईंनी मला सांगितली होती, आणि शेवट त्यांनी स्वतः रचला होता. कारण या प्रतीला शेवटची अठ्ठेचाळीस पानंच नाहीत. प्रत माझी आहे, आणि मला हे काल कळलं."

कुणी हसलं नाही. सहावीतल्या एका मुलीने मात्र "अगंबाई" म्हटलेलं स्पष्ट ऐकू आलं. मॅडमनी पुस्तक उघडून अनुक्रमणिका वाचली, मग लोंबणारे दोरे वर धरून दाखवले. पुठ्ठ्याच्या आतली नावं त्यांनी वाचली नाहीत. ती वाचायची की नाही, यावर त्यांनी सकाळपासून विचार केला होता, आणि गळक्या पातेल्याबद्दल त्या कालच शिकल्या होत्या.

पण अभिमन्यू सर स्वतःच उठून आले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चारशे चौसष्टावं पान बघितलं आणि दोरे बोटाने चाचपले. मग माईक तोंडाशी घेतला.

"मी हीच प्रत वाचली होती," ते म्हणाले. "शेवट दोनदा वाचला होता. दुसऱ्यांदा जास्त आवडला होता."

आता मात्र मैदान असं हसलं, की लिंबावरचे कावळे उडाले. सर सुरुवातीला हसले नाहीत, मग तेही हसू लागले. मुलं ओरडायला लागली, की मग खरा शेवट काय? नवरा की दुसरंच कोणी? पाणी भरतो की नाही? मॅडमना ठाऊक नव्हतं. सरांना ठाऊक नव्हतं. दोघांनी एकाच वेळी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

मोठ्या बाईंनी माईक घेतला. त्या म्हणाल्या, की आपल्या शाळेच्या ग्रंथालयात या कादंबरीची पूर्ण प्रत आहे. बाजारात ती आता मिळत नाही, प्रकाशन केव्हाच बंद झालं. त्यांनी स्वतः ती नोकरीला लागल्या त्या वर्षी वाचली होती. दारात नवरा नाही, आणि शेवट मोकळाही नाही.

"मग काय आहे, बाई?" मॅडमनी विचारलं. माईक चालू होता.

"वाचा की," मोठ्या बाई म्हणाल्या. "एकच प्रत आहे. एकाला एक आठवडा. ज्यांना हवी त्यांनी हात वर करा. आणि ज्याने शेवट फोडला, त्याला रोज प्रार्थनेनंतर पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लावीन."

मुलांचे हात वर गेले. बिरुदेवाने हातोडा वर केला. मॅडमचा आणि सरांचाही हात वर गेला होता, पण मोठ्या बाईंनी सांगितलं, की आधी मुलं, मग बिरुदेव, मग शिक्षक. ग्रंथालयाच्या वहीत चव्वेचाळीस मुलांची नावं चढली, पंचेचाळिसावा बिरुदेव, सेहेचाळिसाव्या चेतना मॅडम, सत्तेचाळिसावे अभिमन्यू सर. मॅडमनी तिथल्या तिथे गणित केलं. त्यांचा नंबर पुढच्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येत होता, सुट्टीच्या तोंडावर. सरांनी हळूच विचारलं, की तुमचं वाचून झालं की मला दोन दिवस आधी द्याल का. मॅडम म्हणाल्या, बघू.

संध्याकाळी त्यांनी सगळं गोजरबाईंना सांगितलं. आपली फजिती सांगितली, सरांचीही सांगितली, आणि शेवटी जरा चाचरत हेही सांगितलं, की दारात नवरा नसतोच म्हणे, पुस्तकातला शेवट वेगळाच आहे.

गोजरबाईंना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांनी शेंगा निवडायचं सूप बाजूला सारलं आणि विचारलं, "तुमचा लंबर कदी हाय?"

"एप्रिलमध्ये."

"मग एप्रिलपतुर माजाच चालवा की," गोजरबाई म्हणाल्या.